सिव्हिलच्या मुलीने साइट धरावी की ऑफिस?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमा झालाय, साइटची नोकरी हातात आहे, पण घरचे आणि कॉलेजचे सर म्हणतात मुलीने ऑफिसात बसून बिलिंग, म्हणजे झालेल्या कामाची मापं आणि बिलं, नाहीतर ड्रॉइंग धरावं. पुरुषांच्या या क्षेत्रात टिकायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे.

साइट धरा. पहिली पाच वर्षं तरी साइटच.

मी २००९ साली पुण्याजवळच्या एका मोठ्या कामावर ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागले. पहिले सहा महिने येणारा प्रत्येक माणूस मलाच विचारायचा, "साहेब कुठायत?" स्टील तपासायला वर चढले की मुकादम ओरडायचा, "मॅडम, उतरा खाली, आम्ही बघतो." त्यांनी बघितलेल्या स्लॅबची सळयांची जाळी कव्हर ब्लॉकशिवाय, म्हणजे ती उचलून धरणाऱ्या ठोकळ्यांशिवाय, थेट खालच्या प्लायवर टेकलेली असायची. मग काही वर्षांनी सळई गंजते, फुगते आणि छताचे पोपडे लोकांच्या डोक्यात पडतात. मी रोज चढत राहिले.

चौथ्या मजल्याचा स्लॅब भरत होतो. माल म्हणजे एम-२५ ताकदीचं काँक्रीट, ते प्लांटवरून तयार आणणाऱ्या आरएमसीच्या गाड्या, पंप लावलेला. दुपारी हायवे तुंबला आणि एक गाडी फार उशिरा आली. गाडीबरोबर येणाऱ्या चलनाच्या कागदावर माल भरल्याची वेळ असते. ती बघितली तर अडीच तास उलटून गेले होते. दोन तासांत माल उतरायला हवा, हे तुम्ही शिकलाच असाल. माल घट्ट झालेला. ड्रायव्हरने सवयीने ड्रमच्या तोंडात पाण्याचा पाइप सोडला. मी म्हटलं, पाणी बंद करा.

"मॅडम, सगळीकडे टाकतात. नाहीतर पंपातून सरकणार कसा?"

पाणी टाकलं की माल सरकतो, पण ताकद उतरते. किती उतरली ते अठ्ठावीस दिवसांनी क्यूब, म्हणजे त्याच मालाचे नमुन्याचे ठोकळे, फोडल्यावर कळतं आणि तोवर त्या स्लॅबवर आणखी दोन मजले उभे राहिलेले असतात. मी चलनावर 'नामंजूर' लिहून सही केली आणि गाडी परत पाठवली.

ठेकेदार धावत आला. तीसचाळीस माणसं हात थांबवून बघत होती. "स्लॅबला जॉइंट पडला तर जबाबदार कोण?" त्याचा प्रश्न रास्त होता, घट्ट झालेल्या मालाला नवा माल नीट जुळत नाही. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. प्लांटला फोन केला, पुढची गाडी तासाभराने येणार होती. एवढ्या वेळात मालाची कड आवळणार. मग ठरवलं की दोन आधारांमधल्या गाळ्याच्या मध्याजवळ, जिथे शिअर, म्हणजे कातरणारा जोर, कमी असतो, तिथे फळी लावून आज थांबायचं. उद्या कड खरवडून, धुऊन, सिमेंटची स्लरी मारून पुढचा भाग भरायचा. मी हे सांगत होते तोवर आमचा म्हातारा फिटर, जो सहा महिने माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, खांद्यावर फळ्या घेऊन आला. "ताई, कुठवर लावू?"

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट मॅनेजरांनी बोलावलं. म्हणाले, "तू चुकली नाहीस. पण लोक चिडलेत, तुला संध्याकाळी उशीर होतो, तुझ्या काळजीपोटी सांगतो, बिलिंगला ये."

मी गेले. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक तीच. दोन वर्षं मापं आणि रनिंग बिलं केली. ज्या मुलाला कॉलम शेड्यूल, म्हणजे खांबांच्या मापांचा आणि सळयांचा तक्ता, वाचायला मी शिकवलं, त्याला अख्खा टॉवर मिळाला. पुढे कुठेही मुलाखतीला गेले की एकच प्रश्न: "टॉवर किती केलेत?" माझ्याकडे अर्धा होता. शेवटी कमी पगारावर दुसरीकडे पुन्हा ज्युनियर म्हणून लागले.

त्या 'काळजी'बद्दल मला आजही बोलायचंय. काळजी होती तर साइटच्या रस्त्यावर दिवे लावायचे होते, घरी सोडायला गाडी द्यायची होती. त्या साइटवर बायकांसाठी संडास नव्हता. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी प्यायचे नाही, दोनदा लघवीचा संसर्ग झाला. बांधकाम कामगारांच्या तेव्हाच्या, १९९६ च्या कायद्यात संडास-मुताऱ्या बंधनकारक होत्या आणि पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोलीही. तिथे पोरं वाळूच्या ढिगावर झोपायची. काळजी करायला एवढं सगळं समोर असताना साहेबांनी मला हलवलं.

आणि 'पुरुषांचं क्षेत्र' हा शब्दही मला पटत नाही. घमेली वाहणाऱ्या, विटा चढवणाऱ्या, पाणी मारणाऱ्या बायका प्रत्येक साइटवर आहेत. बिगारीत बाई चालते, थापी हातात द्यायची वेळ आली की चालत नाही. सोळा वर्षांत मी एकच बाई गवंडीकाम करताना पाहिली. इंजिनिअर म्हणूनही आपण काल आलेल्या नाही. शकुंतला भगत १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या आणि पुढे त्यांनी पूल बांधले.

टिकायचं कसं, तर चलन वाचा, क्यूब रजिस्टर स्वतः भरा, सळई मोजायला टेप स्वतःची ठेवा, प्रत्येक सूचना साइट डायरीत लिहून समोरच्याची सही घ्या. आवाज चढवायची किंवा शिव्या शिकायची गरज नाही. लेखी असेल ते टिकतं. कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच दिवशी मागून घ्या.

बिलिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाच वर्षं साइट केलेला माणूस बिलिंगला बसला तर ठेकेदार त्याला फसवू शकत नाही. घरी तान्हं बाळ असेल, तब्येतीचं काही असेल, तर ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. रात्रीच्या स्लॅबला गाडी देत नसतील तर थांबू नका, तिथे हट्ट नको.

सही करण्याआधी ऑफर लेटरवर हुद्दा काय लिहिलाय ते बघा. 'साइट इंजिनिअर' असं लिहून घ्या. माझ्या पत्रावर नुसतं 'इंजिनिअर' होतं, म्हणून मला टेबलावर बसवताना कुणाला एक ओळसुद्धा बदलावी लागली नाही.