जिथे हुद्दा विचारत नाहीत

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मित्राला बढती मिळाली, त्याने घर घेतलं, आणि त्याचं अभिनंदन करून परतल्यावर तुला रात्रभर झोप लागली नाही. हे लपवलं नाहीस, ते बरं केलंस. असूया वाटली की माणूस स्वतःला हलकट ठरवतो आणि मग त्याचंही दुःख करत बसतो. एका दुखण्याची दोन होतात.

मी हुद्द्यामागे तुझ्यापेक्षा जोरात धावलो. तो मिळालाही. निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात फोन वाजायचा थांबला. आधी वाटलं, फोनच बिघडलाय. (दुसऱ्या फोनवरून स्वतःला फोन लावून पाहिला होता, हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.) मग उमगलं, इतकी वर्षं लोक त्या खुर्चीशी बोलत होते, मी नुसता तिच्यावर बसलेलो होतो.

त्याच दिवसांत देवापुढे निवांत बसायला लागलो. हात आधीही रोज जोडत होतो, पण ते अर्ज देणं होतं: हे दे, ते टळू दे, आणि जरा लवकर. मागायला काही सुचेनासं झालं तेव्हा नुसता बसलो. तिथे ओळख करून द्यावी लागली नाही. इतका सुटल्यासारखा मी त्याआधी कधी बसलो होतो, मला आठवत नाही.

तू विचारतोस, मग नोकरी सोडू का? नको रे. तुकोबांनी सावकारीची ऋणखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळेच सांगतात. त्यातला एक धागा मात्र घाईत सुटतो. धाकट्या भावाने, कान्होबाने, आपला वाटा मागितला तेव्हा कागदांची वाटणी झाली आणि तुकोबांनी बुडवला तो फक्त स्वतःचा अर्धा हिस्सा, अशी परंपरा आहे. भावाचं भावाला दिलं. तेही १६३० च्या सुमाराचा दुष्काळ सोसून, दिवाळं निघून, घरातली माणसं गमावून झाल्यावर. मला ही गोष्ट त्या अर्ध्या गठ्ठ्यासाठी आवडते. आपल्या वाट्याचं सोडावं. आईवडिलांच्या औषधाचे पैसे आपल्या विरक्तीत बुडवू नयेत.

वेळ मिळत नाही म्हणशील, तर जनाबाई आठव. नामदेवांच्या घरची दासी ती. तिने विठ्ठलासाठी सवड काढली नाही, जात्याशीच त्याला बोलावून घेतलं. तुझ्या-माझ्याच्याने ते एकदम व्हायचं नाही, म्हणून १५ मिनिटांपासून सुरू कर. जागा एकच ठेव, फोन दुसऱ्या खोलीत. नाम घे किंवा गप्प बस, तुझ्या मनाला जे रुचेल ते. मन पळेल, पळालं की ओरडू नकोस, परत आण. काही दिव्य अनुभव आला का, याची तपासणी तर अजिबात करू नकोस. पेरलेलं बी रोज उकरून पाहिलं तर उगवायचं कसं?

महिन्याभराने एक गंमत होईल. ‘मी रोज बसतो’ याचाच तोरा वाटू लागेल. किती माळा झाल्या, कोण पहाटे उठतो, कोण नाही. हाही हुद्दाच, फक्त सोवळं नेसून आलेला. तेव्हा बसतोस हे कुणाला सांगू नकोस. मला कळलंय तेवढं पुरे.

मी आजही पहिली काही मिनिटं विजेच्या बिलाचाच विचार करतो.

मित्राने नव्या घरी बोलावलं तर जा. घर मन लावून बघ, चांगलं असेल तर चांगलं म्हण. पोटात कळ आलीच, तर रात्री बसताना ती सोबत घेऊन बस. तिथे तीही चालते.

तुझा,
काका