रेसिंगसाठी पीसी बांधतोय, पैसे कुठे घालू?

प्रश्न : दादा नमस्कार, मी सांगलीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्राकडे स्टिअरिंगवर असेटो कोर्सा हा गाड्यांच्या रेसचा गेम खेळलो आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. आयरेसिंग आणि असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने ऑनलाइन खेळायला पीसी बांधायचाय. मॉनिटर धरून १ लाख जमलेत, लॉजिटेकचं जी२९ स्टिअरिंग मामेभाऊ देतोय. दुकानदार म्हणतो सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घाल, प्रोसेसर कसलाही चालतो, रॅमची १६ जीबीची एकच पट्टी टाकू. हो म्हणू का?

उत्तर : नको म्हणूस. दुकानदार फसवतोय असं नाही, गोळीबाराच्या गेमवाली पोरं रोज येतात त्याच्याकडे, त्यांचा हिशोब तो तुला लावतोय. रेसिंगमध्ये तुझ्या गाडीचे टायर, सस्पेन्शन, हवेचा जोर हे सगळं गणित प्रोसेसर करतो, जुन्या असेटो कोर्सात तर सेकंदाला ३३३ वेळा, आणि वर बाकीच्या गाड्या आत्ता कुठे असतील त्याचा अंदाज, त्यांचे आवाज, ग्राफिक्स कार्डाला काय काय रंगव ते सांगणं, हेही त्याच्याच बोकांडी. माझ्या पहिल्या मशीनवर एकटा फिरवायचो तेव्हा सेकंदाला १४० फ्रेम, म्हणजे स्क्रीनवर नवी चित्रं, दिसायच्या, खूश होतो, पहिली रेस लावली आणि पंचवीस गाड्या एका वळणात घुसल्या तेव्हा फ्रेम आल्या ४५ वर, आणि ग्राफिक्स कार्ड बघतो तर निम्म्या लोडवर निवांत बसलेलं. म्हणजे अडलं कुठे ते कळलंच.

आणि अडकणं म्हणजे किती? ताशी २०० ने गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. स्क्रीन सेकंदाचा दहावा भाग जरी गोठली तरी तू साडेपाच मीटर आंधळा, आख्खी गाडी मावते त्यात, आणि ती बहुतेक पुढच्याचीच असते! त्यामुळे जास्तीत जास्त फ्रेम किती हे विचारूच नकोस, कमीत कमी किती ते विचार.

आता काय घ्यायचं. एएमडीचा एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) मदरबोर्ड घे, बी६५० चालतो, त्यावर आत्ता रायझन ५ ७६००. दोनेक वर्षांनी पैसे आले की त्याच बोर्डवर नावात एक्स३डी असलेला प्रोसेसर बसेल, फक्त आधी बायॉस, म्हणजे बोर्डातलं सॉफ्टवेअर, अपडेट कर. ७६०० ला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी) आहे, ७८०० एक्स३डीला ९६. या जास्तीच्या कॅशचा फायदा रेसिंगवाल्यांना चांगलाच होतो, गणिताला लागणारा डेटा जवळच सापडतो, दर वेळी रॅमकडे पळावं लागत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या घे, एक नको, एका पट्टीत डेटा यायजायचा रस्ता अर्धाच मिळतो. आत्ता ८-८ च्या दोन घेतल्यास तरी चालेल. ग्राफिक्स कार्ड मधल्या फळीतलं, ८ ते १२ जीबी मेमरीचं, एका स्क्रीनला पुरतं. (तीन स्क्रीनचं वेड लागलं तर गोष्ट वेगळी, ५७६०×१०८० म्हणजे ६२ लाख पिक्सेल, साध्या एका स्क्रीनच्या तिप्पट.) पॉवर सप्लाय बरा ६५० वॅटचा. त्यात काटकसर केलीस आणि उद्या लाइट खालीवर झाली की मग मला लिहू नकोस.

पैसे संपवू नकोस पण. आयरेसिंगला वर्गणी लागते, तीही डॉलरमध्ये, आणि सोबत मिळणाऱ्या सोडून बाकीच्या गाड्या, ट्रॅक वेगळे विकत. सुरुवातीला रूकी, म्हणजे नवख्याच्या, लायसन्सवर माझदा एमएक्स-५ मिळते, तीच पळव. दुसऱ्याला ठोकून पुढे गेलास तर सेफ्टी रेटिंग पडतं आणि वरचं लायसन्स लांबतं.

मशीन घरी नेण्याआधी दुकानात एक कर, एकट्याने चक्कर मारून बघू नकोस, कॉम्प्युटरच्या पंचवीस गाड्या लाव, स्वतः शेवटून सुरुवात कर आणि पहिल्या वळणात फ्रेमच्या आकड्यावर नजर ठेव.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. स्टिअरिंग घेऊन दिलं, आता रेसिंगची सीट हवी म्हणतो, तिची किंमत ऐकून मी गप्प बसले. खरंच लागते का हो? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, सीट नाही लागत, पण त्याची तक्रार खरी असणार. खुर्ची चाकांची आहे ना? ब्रेक जोरात दाबला की खुर्ची मागे पळते आणि पेडल पुढे सरकतात, पोरगं मधे लोंबकळतं. मी खुर्चीची चाकं जुन्या चपलांत घालून ठेवायचो, दिसायला भयंकर, पण हलायची नाही. पेडल भिंतीला टेकवा, मधे फळी घाला. नाहीतर सरळ जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची द्या. पुढेमागे खर्च करायचाच झाला तर लोडसेलवाल्या ब्रेकवर करा, तो पेडल किती खाली गेलं ते नाही, पाय किती जोराने दाबला ते मोजतो, आणि जोर पायाच्या लक्षात राहतो. फुकटातलं एक सांगते असं म्हणून त्याला सांगा, २७ इंची स्क्रीन साधारण ६० सेंटीमीटर रुंद असते, डोळे तेवढ्याच लांब असतील तर गेममध्ये बघण्याचा आडवा कोन ५३ अंश ठेव. आधी त्याला दुर्बिणीतून बघितल्यासारखं वाटेल, चारेक दिवसांत वळणं वेळेवर दिसायला लागतील.

प्रश्न : युरोपच्या सर्व्हरवर माझा पिंग १५० येतो. नादच सोडू का? – पनवेल

उत्तर : कशाला? पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. तो १५० वर स्थिर असेल तर रेस होते, कारण समोरची गाडी कुठे असेल ते गेम अंदाजानेच दाखवतो. घोळ होतो तो १२० वरून ३०० आणि परत १२० असा नाचला की, मग तुमची गाडी बाकीच्यांना उड्या मारताना दिसते आणि शिव्या तुम्हाला पडतात. बहुतेक वेळा दोषी वायफाय असतं. राउटर बाहेरच्या खोलीत असेल तर दाराखालून लॅनची केबल ओढा, घरचे अडखळतील म्हणून कडेला खिळे मारा, आणि रेस चालू असताना घरातल्या कुणाला मोठं डाउनलोड लावू देऊ नका.