त्रेपन्न ऐकते, पस्तीस लिहिते

प्रश्न : नात दुसरीत आहे. पाढे घडाघडा म्हणते, पण 'त्रेपन्न' लिही म्हटलं की 35 लिहिते. सून म्हणते, लक्ष नसतं. आमच्या वेळी असं होत नव्हतं. काय करावं?
– एक आजी, मिरज

उत्तर : ताई, लक्ष आहे हो तिचं. 'त्रेपन्न'मध्ये आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास. ती ऐकलं त्याच क्रमानं मांडते. आणि आपल्या वेळीही हे होत होतंच. छड्या खाल्ल्या नि विसरलो.

जत तालुक्यात मी बावीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कानडी. कानडीत 53 म्हणजे 'ऐवत्तमूरु', आधी पन्नास, मग तीन, लिहितात अगदी तसं. एक पोरगा अडला की हळूच कानडीत पुटपुटायचा आणि बरोबर लिहायचा. आधी मी रागवायचे. मग सगळ्या वर्गालाच 'पन्नास तीन' म्हणायला लावलं.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात असंच वाचन आलं, तेव्हा मोबाइलवर विनोदांचा नुसता पाऊस! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीनं समजावत होत्या. पण आपल्याला शंभर शब्द पाठ झालेले, पोरांची अडचण दिसणार कुठून? नॉर्वेतही पूर्वी 'एक आणि वीस' म्हणायचे. फोनचे नंबर चुकायला लागले, टेलिफोन खात्यानं तगादा लावला आणि 1951 मध्ये संसदेच्या निर्णयानं क्रम बदलला. तरी जुनी माणसं पुढे कित्येक वर्षं जुनंच म्हणत राहिली.

आता घरचं. खराट्याचे हीर सारखे तोडा, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. 'त्रेपन्न' म्हटलं की तिनं डावीकडे पाच गठ्ठे, उजवीकडे तीन सुट्या काड्या मांडायच्या, 'पन्नास आणि तीन' म्हणायचं, मगच पेन्सिल उचलायची. आठ-पंधरा दिवस घाई नको.

एकोणसाठ मात्र मागाहून घ्या. तिथे 'साठ' कानावर पडतो आणि पोरं बिनदिक्कत 69 लिहितात. सहा गठ्ठे मांडा नि म्हणा, यातली एक काडी मला दे. रबर काढायला ती कुरकुरेल. तुम्ही काढून देऊ नका.