नोकरी-बिकरी : भोसरीचे चौदा हजार

(एका मोठ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसातून, म्हणजे हजेरी-पगाराच्या खात्यातून, निवृत्त झालेले आमचे सोलापूरकर काका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीत ११ वर्षं फिटर आहे, परमनंट. युटिलिटीला असतो, म्हणजे बॉयलर आणि कॉम्प्रेसर. पगार ३४ हजार, त्यात बेसिक आणि डीए मिळून १८,२००. घर स्वतःचं. आई अजून विड्या वळते, बायको ब्लाउज शिवते, मुलगी सातवीत. भोसरीच्या कंपनीनं ४८ हजार देऊ केलेत. इथं पगार वेळेवर, बस आहे, कॅन्टीन आहे. पण कित्येक वर्षं त्याच ग्रेडला अडकलोय. पुण्याहून नवीन पोरगा येतो, माझा साहेब होतो आणि कुठला व्हॉल्व्ह उघडायचा ते मलाच विचारतो. सोडू का?
– एक फिटर, विडी घरकुल

उत्तर : व्हॉल्व्ह विचारणारा साहेब भोसरीतही भेटेल. त्याच्यावर चिडून गाव सोडू नका. पैशासाठी सोडायचं असेल तर हिशेब मांडू.

१४ हजार जास्त. कुटुंब नेलंत तर स्वतःच्या घरातून उठून भाड्याच्या घरात जाल, आणि बायकोची ब्लाउजची गिऱ्हाइकं काही ट्रकमध्ये घालून नेता येत नाहीत. आईचं काय, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. एकटे गेलात तर खोली आणि मेस. शिवाय ‘हुतात्मा एक्स्प्रेस आहे की, दर आठवड्याला येईन’ असं सगळेच म्हणतात. पण पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुलीची शाळा बंद रविवारी. तुम्ही घरी याल तेव्हा ती वर्गात बसलेली असेल. ऑफर लेटरवर हे कुणी लिहीत नाही, म्हणून आधी सुट्टीचा वार विचारा.

आता इथल्या नोकरीचं. ज्या घरात आईनं हजार विड्यांमागे मजुरी मोजली, तिथं ठरल्या तारखेला बँकेत पडणारा पगार काय असतो ते मी सांगायला नको. त्या पगाराच्या स्लिपवर घराचं कर्ज होतं, लग्न जमतं. ‘कंपनीत आहे’ एवढं म्हटलं की मुलीकडचे पुढचं विचारत नाहीत. यंत्रमागावर तितकंच राबणाऱ्याला हा मान मिळत नाही, आणि हे मला कधी पटलेलं नाही.

पण त्याच मानाचा जाचही असतो. इन्क्रिमेंट लागलं नाही की अख्ख्या गल्लीला कळतं. ‘काय बे, यंदाबी राहिलास का?’ आणि मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं की त्यांना आपलं गाव कळत नाही. आमच्याकडे सुट्ट्यांची यादी वरून यायची, तिच्यात गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा, पत्ता नसायचा. मग जानेवारीत अक्षता सोहळ्याच्या दिवशी निम्मी पहिली पाळी आजारी. एकदा वरून फोन आला, ‘सोलापुरात साथ आलीय का?’ माझ्या टेबलावर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, सगळ्या एकाच अक्षरातल्या. मी म्हटलं, हो साहेब, दरवर्षी येते, नंदीध्वज निघाले की सुरू होते. पुढं त्या दिवसाची बदली सुट्टी मिळाली, पण युनियननं करारात घातल्यावरच.

तुमची खरी अडचण मात्र ग्रेड नाही. ११ वर्षांत त्या बॉयलरचा आवाज तुम्हाला पाठ झाला, पण ते ज्ञान एकाच गेटच्या आत विकलं जातं. सोलापुरात त्या तोलाच्या कंपन्या थोड्या. तुम्ही कुठे जाणार नाही हे एचआरला पक्कं ठाऊक आहे, मग ग्रेड कशाला वाढवतील? आणि गेट बंद पडलं तर काय होतं हे या गावाला माहीत आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल बंद झाली, मागाहून बाकीच्याही गेल्या. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. साच्यावर त्यांचा हात धरणारा नव्हता, पण बाहेर दाखवायला हातात कागद कसलाच नव्हता.

म्हणून तुम्ही कागद मिळवा. प्रमाणपत्रधारक अटेंडंटशिवाय बॉयलर चालवता येत नाही, कायदाच आहे. त्याची परीक्षा राज्याचं बाष्पके संचालनालय घेतं. आधी दुसरा वर्ग, मग पहिला. अर्जाला अनुभवाचा दाखला लागतो आणि मोठ्या कंपनीच्या लेटरहेडचा उपयोग इथं होतो. तुमची नेमणूक कागदावर नुसती ‘फिटर’ असेल, तर दाखल्यात बॉयलरवरचं काम स्पष्ट लिहून घ्या. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. प्रमाणपत्र हातात आलं की जिल्ह्यातले साखर कारखाने, टॉवेल-चादरीचं सूत रंगवणारी प्रोसेस हाऊस, दूध प्रकल्प, सगळीकडे विचारता येतं. साखर कारखान्यात हंगामी की कायम ते मात्र आधी विचारा. हंगाम संपल्यावर हातात काय पडतं तेही.

उद्या सोडायचंच ठरलं, तर ग्रॅच्युइटी सोडून येऊ नका. बेसिक-डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचे ७०० गुणिले १५ म्हणजे १०,५००. ११ वर्षांचे १,१५,५०० रुपये. पाच वर्षं झाली की हा हक्क आहे, साहेबाची मेहेरबानी नाही. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम नंबरावर, नव्या कंपनीत वर्ग करा. १० वर्षं पुरी झाल्यानं पेन्शनचा हक्कही लागू झालाय. रक्कम किरकोळच येईल, पण पुढची नोकरी जोडली की वाढते.

माझं मत विचाराल तर, १४ हजारांसाठी आत्ता जाऊ नका. परीक्षा द्या. पास झालात की ते प्रमाणपत्र घेऊन आधी स्वतःच्याच एचआरकडे जा आणि ग्रेड मागा. ‘बघू’ म्हणाले, तर मग भोसरीवाल्यांशी ४८ च्या वरचं बोला.

प्रश्न : मी ठेकेदारामार्फत एका मोठ्या कंपनीत पॅकिंगला आहे. पगारातून पीएफ कापतात, पासबुकात काहीच दिसत नाही. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, कंपनीनं बिल काढलं नाही.
– एक भगिनी, अक्कलकोट रोड

उत्तर : ताई, दोघंही तुम्हाला फिरवताहेत. ठेकेदारानं पीएफ भरला नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. आणि आतली गोष्ट सांगतो : ठेकेदाराचं बिल पास करताना टाइम ऑफिस सहसा मागच्या महिन्याचं पीएफ चलन जोडून मागतं, नावांच्या यादीसकट. त्या यादीत तुमचं नाव आहे का, एवढंच लेखी विचारा.

आधी नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजनं येते. पगाराच्या स्लिपा आणि गेटपास यांचे फोटो काढून ठेवा. मग चारपाच जणी मिळून सोलापूरच्या पीएफ कार्यालयात अर्ज द्या. एकटीनं गेलं की दुसऱ्या दिवशी गेटवर ‘उद्यापासून येऊ नका’ ऐकावं लागतं. हे मी गेटच्या आतून पाहिलंय.

प्रश्न : कंपनीत लागल्यापासून पाहुणे ‘आमच्या पोराला आत घाल’ म्हणून मागे लागलेत. काय सांगू?
– त्रस्त जावई, जुळे सोलापूर

उत्तर : ‘साहेबांशी बोलतो’ हे वाक्य चुकूनही बोलू नका, पुढची पाच लग्नं तुम्हाला त्याचाच जाब द्यावा लागेल. त्याऐवजी पोराला अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायला सांगा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, तेव्हा जागा असतात. पोरगा आयटीआय झालेला असेल तर नोंदणीला त्याच्याबरोबर बसा. नसेल तर पाहुण्यांना आधी आयटीआयच्या प्रवेशाची तारीख कळवा.