कर्ट अँगलची मान आणि तुमचे प्रश्न

परत तेच. मोडलेल्या मानेने ऑलिम्पिक गोल्ड जिंकणारा पैलवान अशी एक रील फिरतेय आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत कर्ट अँगलच कर्ट अँगल. आपल्याकडे लोक मान मोडून काम करतात, याने मान मोडून कुस्ती केली, एवढाच काय तो फरक असं वाटतंय बहुतेक सगळ्यांना. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्रच घेते.

हा खरा ऑलिम्पिकवाला आहे की डब्ल्यूडब्ल्यूईने बनवलेली स्टोरी?

खरा. अटलांटा १९९६, अमेरिकेकडून, फ्रीस्टाइल, १०० किलो, गोल्ड. डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे ती टीव्हीवरची अमेरिकन शो-कुस्ती, त्यानंतरची.

पण मान खरंच मोडली होती का? मोडलेल्या मानेने माणूस उभा तरी राहील का मॅडम?

राहतो, कधी कधी. मानेत सात मणके असतात, त्यातल्या एखाद्याला चीर गेली पण मागून जाणारा मज्जारज्जू वाचला तर माणूस चालत-बोलत माझ्याकडे येतो आणि म्हणतो जरा आखडलीये. अँगलची दुखापत १९९६ मधलीच, ऑलिम्पिकच्या निवडीच्या काळातली. मणक्यांना फ्रॅक्चर आणि डिस्क सरकलेल्या. मानेत सुन्न करणारी इंजेक्शनं घेऊन पुढच्या कुस्त्या खेळलो असं तो स्वतःच सांगतो. फायनलला इराणच्या अब्बास जदीदीबरोबर १-१ अशी बरोबरी झाली आणि पंचांनी अँगलचा हात वर केला. रील इथे संपते. करिअर इथून पुढे सुरू होतं, ते खाली येईलच.

तुमची मान पडल्यापासून आखडलेली असेल तर रील बघत बसू नका, एक्स-रे काढा आणि दाखवा.

डब्ल्यूडब्ल्यूई खोटं असतं ना, मग तिथे कसली दुखापत?

निकाल ठरलेला असतो, पडणं खरं असतं. ३० मार्च २००३, सिएटल, डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो रेसलमेनिया १९, अँगल विरुद्ध ब्रॉक लेसनर. लेसनरने वरच्या दोरावरून उलटी उडी मारली, ती कमी पडली आणि तो डोक्यावर आदळला, मेंदूला मार बसला. आणि खाली जो पडलेला होता त्या अँगलच्या मानेचं ऑपरेशन आधीच गरजेचं झालेलं होतं. दोघांपैकी एकजण त्या रात्री कायमचा व्हीलचेअरवर जाऊ शकला असता. खोटं म्हणे.

मी सांगलीकडचा, कॉलेजला आहे, तालमीत जातो. उजव्या हातात मुंग्या येतात, मान दुखते. पंधरा दिवसांवर कुस्तीचं मैदान आहे. मित्र म्हणतो इंजेक्शन मारून खेळ, अँगल पण खेळला होता.

बाळा, तुझ्या मित्राला माझ्याकडे पाठव आधी.

आता नीट ऐक, लांबण लागणारे. दुखणं म्हणजे दुखापत नव्हे, ती दुखापतीची आरडाओरड आहे. इंजेक्शनने आवाज बंद होतो, आत जे फाटलंय ते फाटलेलंच राहतं, उलट दुखत नाही म्हणून तू समोरच्याला मानेवर झेलणार, ब्रिज करणार म्हणजे डोकं टेकवून मानेवर कमान करणार, आणि नेमकं तेच करायचं नसतं. हातात मुंग्या म्हणजे मणक्यातून निघणारी नस दबत असू शकते. दोन्ही हातांत मुंग्या आल्या, पाय जड वाटले, शर्टाची बटणं लावता येईनात, लघवीवरचा ताबा गेला, तर मैदान सोड, सकाळचीही वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

आणि अँगलचं नाव घेतोस तर पूर्ण घे. नोव्हेंबर १९९९ ला तो टीव्हीवर पहिली मॅच खेळला आणि वर्षाच्या आत, ऑक्टोबर २००० मध्ये रॉकला (हाच पुढे सिनेमात गेलेला ड्वेन जॉन्सन) हरवून चॅम्पियन. इतक्या झटपट वर जाणारा माणूस क्वचितच बघायला मिळतो, मी स्वतः फॅन होते, खोटं कशाला बोलू. पण ती मान तीच होती, रिंगमध्ये परत परत गेली, आणि पेनकिलर सुरू झाल्या. व्हायकोडिन. एका काळात दिवसाला ६५ गोळ्यांपर्यंत गेलो होतो हे त्याने मुलाखतींत स्वतः सांगितलंय. त्या गोळीत अफूच्या जातीचं औषध असतं आणि सोबत पॅरासिटामॉल, म्हणजे एकाने व्यसन लागतं आणि दुसऱ्याने लिव्हर जातं. २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सुटलं, मग टीएनए या दुसऱ्या अमेरिकन शो-कुस्ती कंपनीत वर्षानुवर्षं खेळला, आणि व्यसनमुक्ती केंद्रात गेला २०१३ ला. गोल्ड १९९६ चं आणि त्याचं बिल २०१३ पर्यंत चालू, हे रीलमध्ये कोण दाखवणार?

आपल्याकडे ती गोळी सर्रास मिळत नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस. आपल्याकडे ट्रॅमाडॉल आहे, तेही अफूच्या जातीचंच पेनकिलर, २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय आणि २०२४ पासून वाडाने, म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेने, स्पर्धेच्या वेळी त्यावर बंदी घातलीये. आणि ते 'ताकदीचं' म्हणून जिमच्या मागच्या दाराने विकतात ते मेफेंटरमाइन, ते भूल दिलेल्या पेशंटचं बीपी पडलं तर वर आणायला वापरायचं औषध आहे, तालमीतल्या पोराच्या दंडात टोचायचं नव्हे. हृदय धडधडून कोसळलेली पोरं बघितलीयेत मी. विकणाऱ्याला काय, त्याचे पैसे सुटले.

तू मैदान सोड, वस्तादांना खरं सांग, या आठवड्यात स्पाइनच्या डॉक्टरला भेट, एमआरआय लागेल की नाही ते तो ठरवेल. मुंग्या किती दिवसांपासून येतात हे तू लिहिलंच नाहीयेस, यावरून मला कळलं की बरेच दिवस झाले.

अँगल मानेच्या ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांत परत आला म्हणे. वडिलांना मानेचा त्रास आहे, एका जाहिरातीत 'बिनटाक्याचं, त्याच दिवशी घरी' असं लिहिलंय. करून घ्यावं का?

आला, हे खरं. एप्रिल २००३ मध्ये त्याने मणके जोडायचं मोठं ऑपरेशन टाळून छोट्या छेदाचं करून घेतलं आणि जुलैमध्ये परत चॅम्पियनसुद्धा झाला. पण नंतर मान बरी राहिली का? वरचं उत्तर वाचा. छोटा छेद म्हणजे छोटा आजार नव्हे. कुणाची नस दबलीये, कुणाचा मज्जारज्जू दबलाय, त्याप्रमाणे ऑपरेशन बदलतं, आणि जाहिरात छापणाऱ्याने तुमच्या वडिलांचा एमआरआय बघितलेला नाही. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांचं मत घ्या. 'ऑफर या महिन्यापुरती' असं जिथे लिहिलेलं असेल तिथे जाऊच नका.

मुलगा नऊ वर्षांचा, धाकट्या बहिणीला अँगलचा तो घोटा पिरगळायचा डाव, अँकल लॉक, लावतो. काही होईल का?

घोटा जाईल तिचा. आजच बंद करा. तिला दुखत असेल तर दाखवून आणा.

२०१९ ला रिटायर झाला, आता परत येणार का? गुडघे बदलले ना त्याने?

७ एप्रिल २०१९, रेसलमेनिया ३५, बॅरन कॉर्बिनकडून हरून रिटायर. दोन्ही गुडघे २०२२ मध्ये बदलले. सांधे बदलतात ते नीट चालता यावं, जिना चढता यावा म्हणून. रिंगमध्ये उड्या मारायला नाही. तुमच्या घरात कुणी गुडघ्याला तेल चोळत वर्षानुवर्षं पुढे ढकलत असेल तर त्यांना मात्र डॉक्टरकडे न्या.

मानेचा पट्टा ऑनलाइन मागवला, दिवसभर घालतो. बरोबर ना?

कुणी सांगितलं घालायला? कुणीच नाही ना. काढा किंवा घाला असं मी इथून कसं सांगू, पडून झालेली दुखापत असेल तर तो लागतो, नुसती आखडलेली असेल तर दिवसभर घालून स्नायू आणखी कमजोर होतात. तपासून घ्या.

कटिंगच्या दुकानात मान कडकड मोडून देतात, हलकं वाटतं. चालेल का?

नाही. केस कापा, पैसे द्या, उठा.