राजधानी मांडवीकाठी, मग बंदर मुरगावला का?

प्रश्न : पणजी मांडवीच्या मुखाशी वसलेली असूनही गोव्याचे मोठे बंदर जुवारीच्या मुखाशी, मुरगावला का झाले? माझे वडील खनिजवाहू बार्जवर तांडेल, म्हणजे बार्ज हाकणारे, होते. पावसाळ्यात त्यांची बार्ज पणजीवरून न जाता कुंभारजुव्याच्या वाटेने जात असे. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : संबंध आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर वडिलांच्या त्या पावसाळी वाटेतच आहे. मांडवी समुद्राला मिळते तेथे, आग्वादच्या बाजूला, रेतीचा उथळ पट्टा आहे. त्यालाच ‘आग्वादचा बार’ म्हणतात. एरवी भरती पाहून त्यावरून जाता येते, परंतु नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्राच्या मोठ्या लाटा नेमक्या या उथळ जागी येऊन फुटतात आणि भरलेल्या बार्जला तेथून जाणे धोक्याचे ठरते. भाऊच्या धक्क्यावरून सुटून कोकणातील बंदरे घेत पणजीला येणारी आगबोटही पावसाळ्यात बंदच असे.

अशा वेळी कुंभारजुव्याचा कालवा उपयोगी पडतो. तो पणजी ज्यात येते त्या तिसवाडी तालुक्याच्या पूर्वेकडून मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना आतून जोडतो. आमोणे किंवा सुर्ल येथील धक्क्यावर खनिज भरलेली बार्ज जुन्या गोव्याच्या वरच्या अंगाला या कालव्यात वळते आणि उघड्या समुद्रात न जाता जुवारीतून मुरगाव गाठते. कालवा अरुंद असून जागोजागी उथळ आहे, त्यामुळे भरती साधूनच आत शिरावे लागते. ओहोटीत अडकलेली बार्ज पुढची भरती येईपर्यंत जागची हलत नाही. तांडेलाची खरी परीक्षा येथेच होते, हे तुम्हाला घरीच ऐकायला मिळाले असेल.

मुरगावचे भूशिर नैर्ऋत्येच्या लाटा अडवते, म्हणून त्याच्या आडोशाला बाराही महिने जहाज नांगरता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे बंदर बांधले गेले, घाटावर कॅसलरॉकपर्यंत जाणारी रेल्वे आली आणि व्यापाराचे पारडे कायमचे तिकडे झुकले. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुन्या गोव्याजवळचे जुवे बेट घेऊन पोर्तुगीजांच्या तोंडचे पाणी पळवले, तेव्हा राजधानीच मुरगावला हलवण्याचा घाट घातला गेला. थोडे बांधकामही झाले, पण ते तडीस गेले नाही.

गोव्यात बंदर हलणे तसे नवीन नव्हे. कदंबांचे गोपकपट्टण जुवारीकाठी होते. ते गाळाने भरत गेले आणि मांडवीकाठचे एला, म्हणजे आजचे जुने गोवे, पुढे आले. 1510 नंतर पोर्तुगीजांनी तेथेच आपली राजधानी थाटली, परंतु रोगराईने शहर ओस पडत गेले. 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीतील आदिलशहाच्या राजवाड्यात राहायला आला आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. म्हणजे पणजीला राजधानीचा मान मिळाला तो उतारावर लागलेल्या राजवटीत, आणि बंदर म्हणून वाढायला जी खोली लागते ती तिच्या मुखाशी कधी नव्हतीच. माझ्या मते मांडवी ही समुद्री व्यापारापेक्षा आतल्या वाहतुकीची नदी म्हणूनच अधिक मोलाची ठरली. 2012 च्या खाणबंदीनंतर धक्क्यांवर बार्ज ओळीने उभ्या राहिल्या, तेव्हा या वाहतुकीवर किती घरांची चूल पेटत होती हे सर्वांनाच दिसले. आता पणजीसमोरच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे नांगरलेली दिसतात. त्यांना कुठे जायचेच नसल्यामुळे आग्वादच्या बारची अडचण येत नाही.

प्रश्न : इतके पूल झाल्यावर फेरीबोटी चालू ठेवण्यात अर्थ आहे का?
(एक वाचक, पर्वरी)

उत्तर : आहे. दिवाडी बेटावर जायला आजही फेरीबोटच लागते, आणि चोडणची माणसे रायबंदरला येतात तीही तिनेच. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि पलीकडच्या काठावरील बेती यांच्या दरम्यान माणसांची ने-आण फेरीबोटींनीच केली. नवा पूल उभा राहायला काही वर्षे गेली.