बनवणं वेगळं, सोडणं वेगळं

बेळगाव

प्रिय मुली,

तुझा आराखडा दोनदा वाचला. प्राणवायू कमी पडला की ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशी हिस्टामिन जास्त बनवतात का, हा प्रश्न फार चांगला आहे. पण आराखड्यात तू मोजणार आहेस ते हिस्टामिन किती सुटलं, आणि तो वेगळा प्रश्न झाला.

अंगावर पित्त उठतं ते पेशीच्या कणिकांमध्ये आधीच भरून ठेवलेलं हिस्टामिन एकदम बाहेर पडल्यामुळे. त्याला मिनिटं पुरतात. नवं बनायला तास लागतात, कारण हिस्टिडिनपासून हिस्टामिन करणारं एन्झाइम, म्हणजे हिस्टिडिन डीकार्बॉक्सिलेज, आधी वाढावं लागतं. इथे हिफ-१ अल्फा हे प्रथिन येतं. प्राणवायू मुबलक असताना प्रोलिल हायड्रॉक्सिलेज ही एन्झाइम्स हिफवर खूण करतात, व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि हिफची विल्हेवाट लागते. प्राणवायू घटला की खूण होत नाही, हिफ साठतं आणि केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. (केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.) मास्ट पेशींमध्ये ते हिस्टिडिन डीकार्बॉक्सिलेजही चढवतं.

तरीही एकूण हिस्टामिन मोजून तुला बहुधा फरक दिसणार नाही. मास्ट पेशीचं कोठार आधीच गच्च भरलेलं असतं. त्यात चार दाणे वाढले तर कळणार कसे? म्हणून एन्झाइमचा आरएनए, प्रथिन आणि क्रियाशीलता तिन्ही बघ. काही वेल्समध्ये (प्लेटमधल्या खळग्यांत) अल्फा-फ्लुओरोमिथाइलहिस्टिडिन घाल. ते एन्झाइम बंद पाडतं, म्हणजे जी वाढ नाहीशी होईल ती खरोखर नवनिर्मिती. जोडीला मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, ठेव. त्यांच्याकडे साठा नगण्य, त्यामुळे नवं हिस्टामिन लगेच नजरेत भरतं.

आता पेशींना कमी प्राणवायूत ठेवणारं चेंबर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब सुमारे ६९५ मिमी पारा, समुद्रकिनारी ७६०. म्हणजे चेंबरच्या पडद्यावरचा '१ टक्का' प्राणवायू इथे सुमारे ६.९ मिमी आणि चोर्ला घाट उतरून पणजीला गेलीस तर ७.६. फरक मोठा नाही, पण टक्क्यांसोबत मिमीही लिहून ठेव. सेन्सर इथल्याच हवेवर कॅलिब्रेट कर.

पेशी वाढवायच्या माध्यमात विरलेला प्राणवायू आणि प्लास्टिकने धरून ठेवलेला प्राणवायू सहजासहजी जात नाही. १० सेंटिमीटरच्या डिशमध्ये १० मिली माध्यम पातळ थरात पसरून आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेव. २४ वेल प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ०.३ मिली पुरे. माध्यमाची उंची किंवा पेशींची दाटी बदललीस की पेशींपाशी पोचणारा प्राणवायूही बदलतो, म्हणून नेहमीची हवा आणि कमी प्राणवायू या दोन्ही गटांत हे अगदी सारखं हवं.

दार उघडणं हा सगळ्यात महागडा क्षण. हवा लागताच हिफ-१ अल्फा पाच मिनिटांच्या आत निम्म्यावर येतं. पेशी बाहेर काढून मग फोडल्यास तर ब्लॉट (प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) कोरा येईल आणि तू उगीच अँटिबॉडीला दोष देशील. बर्फावरचा लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडणारं द्रावण, आत नेऊन तिथेच पेशी फोड. पट्टी १२० किलोडाल्टनजवळ शोध. वीज जाणार हे गृहीत धरून यूपीएस लाव.

कोबाल्ट क्लोराइड १०० मायक्रोमोलर घातलं की हिफ साठतं, म्हणून ब्लॉटच्या पॉझिटिव्ह कंट्रोलला (पट्टी नक्की दिसायला हवी असा नमुना) ते चालेल. त्याला कमी प्राणवायूचा पर्याय मात्र समजू नकोस. पेशी तिथे श्वास घेतच असतात.

सुटणं मोजायचंच असेल तर आरबीएल-२एच३ या मास्टसारख्या पेशींना नेहमीच्या हवेत रात्रभर आयजीई ही ॲलर्जीची अँटिबॉडी दे, धू, मग चेंबरमध्ये ठेव आणि तिला चिकटणारं अँटिजेनही आतच घाल, ३० मिनिटं. हिस्टामिनसोबत कणिकांतून सुटणाऱ्या बीटा-हेक्सोसॅमिनिडेज या एन्झाइमचं प्रमाण काढताना वरच्या द्रवातलं एन्झाइम भागिले द्रव अधिक पेशी यांतलं एकूण. एलडीएच, म्हणजे फुटलेल्या पेशींतून गळणाऱ्या एन्झाइमची चाचणी, प्रत्येक वेळी कर. कमी प्राणवायूत लॅक्टेट साठून माध्यम पिवळं पडतं, पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशींमधून गळलेलं हिस्टामिन 'सुटलेलं' म्हणून मोजलं जातं.

आणखी एक. शिळा बांगडा खाऊन अंगावर गांधी उठतात, कारण जिवाणूंनीच त्यात हिस्टामिन केलेलं असतं. तुझ्या फ्लास्कमध्येही तसंच होऊ शकतं. एखाद्या वेलमध्ये आकडा अचानक आकाशाला भिडला तर आनंदण्याआधी तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघ.

पहिल्या फेरीत अँटिजेन नकोच. ०, ४, ८, १६ आणि २४ तास, फक्त हिफ आणि एन्झाइमचा आरएनए. ब्लॉट आले की घेऊन ये. पट्ट्या आपण दोघी मिळून वाचू.

अनेक आशीर्वाद,
तुझ्या मॅडम